जुनी वस्तू : घराची कोणती आणि देवाची कोणती

॥ श्री ॥



अलीकडे आपल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी परिसरात नवे घर बांधताना अथवा बाग सजविताना जुन्या वास्तूंतील वस्तू मांडण्याची आवड वाढली आहे. दिवाणखान्यात वाड्याचा कोरीव खांब, प्रवेशद्वारी जुनी सागवानी चौकट, अंगणात दगडी डोण, झाडाखाली जाते किंवा उखळ, असे दृश्य आता नवे राहिलेले नाही. देवस्थानाच्या कार्यालयातही भाविक याविषयी विचारणा करतात. "मंदिराचे जुने खांब निघाले आहेत, ते मिळतील काय?", "शेतात कोरीव दगड सापडला, तो बागेत उभा केला तर चालेल काय?", "आजोबांच्या घरचा दरवाजा परदेशी मुलाकडे पाठवता येईल काय?" अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. प्रत्येकास स्वतंत्र उत्तर देण्याऐवजी या विषयाची धार्मिक, कायदेशीर व व्यावहारिक अशी तिन्ही अंगे एकत्र मांडावीत, या हेतूने हा लेख देत आहोत.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगतो. जुन्या वस्तूंनी घर सजविण्यात काहीही गैर नाही, उलट ते स्वागतार्ह आहे. जी वस्तू घराची होती ती दुसऱ्या घरी आनंदाने नांदू शकते. परंतु जी वस्तू देवाला अर्पण झाली, अथवा एखाद्या मृताच्या स्मरणार्थ गावाने उभी केली, ती शोभेची वस्तू होऊ शकत नाही. हा भेद ओळखता आला की उरलेले सर्व प्रश्न सोपे होतात.

या वस्तू येतात कोठून?

आपल्या सीमाभागात जुन्या वस्तू बाजारात येण्याची कारणे ठळक आहेत. पहिले कारण वाडे उतरविणे. वाटण्या होतात, मुले पुणे-बेंगळूरला स्थायिक होतात, आणि सोपा, माजघर, परडे असलेले घर पाडून तेथे सिमेंटची इमारत उभी राहते. खांब, तुळया, कडीपाट, गणेशपट्टीची चौकट व कौले लाकूडवाल्यास विकली जातात. निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. तेथील जुन्या वखारींचे लाकूडही असेच बाहेर पडते.

दुसरे कारण महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांना आलेल्या पुरात चिकोडी-निपाणी भागातील व शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मातीच्या भिंतींची असंख्य जुनी घरे कोसळली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पडलेल्या घराचे लाकूड विकून नवीन निवाऱ्याची सोय करणे अनेक कुटुंबांना भाग पडले. त्यात दोष देण्याजोगे काही नाही.

तिसरे कारण मात्र आपल्या सर्वांच्या विचाराचे आहे, व ते म्हणजे मंदिरांचा जीर्णोद्धार. गावोगावी जुने लाकडी सभामंडप उतरवून तेथे आर.सी.सी. मंडप, ग्रॅनाईटची फरशी व नवीन मूर्ती बसविण्यात येत आहेत. भक्तांची भावना चांगली असते, देणग्याही भरभरून मिळतात. पण जुने खांब, उंबरा, दीपमाळेचे दगड, आवारातील नागशिळा व वीरगळ यांचे काय करावयाचे, याचा ठराव बैठकीत बहुधा होतच नाही. काही काळ ते मंदिरामागे पडून राहतात, नंतर कोणीतरी चारचाकी घेऊन येतो, आणि काही महिन्यांनी तोच दगड एखाद्या फार्महाऊसच्या हिरवळीवर दिसतो. नेणाऱ्यास वाटते की आपण टाकाऊ दगड वाचविला. वस्तुतः त्या गावाचा इतिहास गावाबाहेर गेलेला असतो.

वस्तूंचे तीन प्रकार

विचाराच्या सोयीसाठी जुन्या वस्तूंचे तीन प्रकार करता येतात.

१) गृहोपयोगी वस्तू. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, रगडा, दगडी डोण, हंडा, घंगाळ, तांब्याचा बंब, समई, फडताळ, पाळणा, झोपाळ्याच्या कड्या, दरवाजे, खिडक्या, खांब, तुळया, मंगळुरी कौले. या वस्तू माणसांनी माणसांसाठी केल्या. त्यांचा मालक हयात असतो अथवा त्याचे वारस असतात, आणि ते त्या देऊ शकतात.

२) देवस्व. देवाला अर्पण झालेली वस्तू ती देवस्व. मूर्ती, पादुका, नंदी, कासव, घंटा, प्रभावळ, देवाची पालखी, दीपमाळ, गाभाऱ्याची चौकट, सभामंडपाचे खांब हे सारे यात येते. त्यांचा मालक स्वतः देव होय, विश्वस्त हे केवळ राखणदार. ही समजूत भावनेपुरती नाही. प्रतिष्ठित देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असून तिच्या नावे मालमत्ता असू शकते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली प्रमथनाथ मलिक खटल्यात स्पष्टपणे मांडले व आपली न्यायालये आजही ते मानतात. म्हणून मंदिराच्या खांबाचा व्यवहार एखाद्या पंचाने वा पुजाऱ्याने परस्पर करणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकणे होय.

३) स्मरणशिळा. वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, दानाचा वा सीमेचा दगड. यांवर कोणा एका कुटुंबाची मालकी नसते. ते सर्व गावाचे असतात आणि ज्या जागी उभे असतात त्या जागेशी त्यांचा अर्थ बांधलेला असतो.

पहिल्या प्रकारच्या वस्तू घरी आणाव्यात. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या आणू नयेत. देवाच्या अंगावरून उतरलेले फूलसुद्धा आपण निर्माल्य म्हणून पायदळी येऊ देत नाही. मग ज्या खांबाला टेकून पिढ्यान्‌पिढ्यांनी भजन ऐकले, तो खांब चहाच्या मेजाचा पाय कसा व्हावा?

वीरगळ कसा ओळखावा?

बागेसाठी सर्वाधिक मागणी असलेला आणि सर्वाधिक अज्ञानाने उचलला जाणारा दगड म्हणजे वीरगळ. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड. 'वीरगल्लु' व आपला 'वीरगळ' हे एकच शब्द होत. लढाईत, गावाच्या रक्षणात अथवा चोरांनी पळविलेली गुरे सोडविताना ज्यास मरण आले, त्या वीराच्या स्मरणार्थ हा दगड उभारीत असत.

त्याची रचना ठरावीक असते. उभ्या शिळेवर खालून वर असे तीन-चार कप्पे कोरलेले असतात. सर्वांत खाली युद्धाचा प्रसंग असतो, कधी वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गायी. मधल्या कप्प्यात अप्सरा त्या वीराला स्वर्गात नेत असतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, कारण चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची कीर्ती राहावी अशी कल्पना आहे. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात ही खूण असते. एखाद्या शिळेवर कप्प्यांच्या मधल्या पट्टीत अक्षरे असली, तर ती शिळा अधिकच महत्त्वाची समजावी. त्या दोन ओळींत वीराचे नाव, गावाचे जुने नाव वा राजाचा काळ असू शकतो.

ही शिळा मारुतीच्या देवळापाशी, वेशीत वा तळ्याकाठी उभी असते. तेथे ती सांगते की या गावासाठी कोणीतरी प्राण दिला. तीच शिळा कारंज्याशेजारी ठेवली की तिचे सांगणे संपते, केवळ नक्षी उरते.

दगड जागेवरून हलला म्हणजे काय होते?

याचे उदाहरण आपल्या बेळगावातच आहे. बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी, इ.स. १२०४ च्या सुमारास, त्याचा अधिकारी बीचिराज याने जैन मंदिर उभारले. छतातील कोरीव कमळामुळे ते आज कमल बस्ती म्हणून प्रसिद्ध आहे. किल्ल्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसविलेले आजही दिसतात. कोणत्या मंदिराचा कोणता दगड, हे आता ते दगड सांगू शकत नाहीत. याच काळातील, रट्ट जिनालयास दिलेल्या दानाची नोंद असलेले बेळगावचे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. ते दगड संग्रहालयात होते व लिओनेल बार्नेट यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून निदान त्यांतील मजकूर आपणांस कळला. खाजगी बागेत गेलेला लेख कोण वाचणार?

बागेत गेलेल्या मूर्तीचे उदाहरणही अलीकडचेच आहे. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यातील लोखरी येथे योगिनींचे प्राचीन स्थान आहे. तेथील दहाव्या शतकातील अजमुखी, म्हणजे शेळीचे मुख असलेल्या योगिनीची मूर्ती १९८० च्या दशकात चोरीस गेली. २०२१ साली ती इंग्लंडमधील एका घराच्या बागेत आढळली. घर व त्यातील सामान विक्रीस काढले असता ती ओळखली गेली. १४ जानेवारी २०२२ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, ती लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे सुपूर्द झाली. ज्या देवतेपुढे एके काळी गावाने हात जोडले, तिच्यासमोर इतकी वर्षे कोणी हात जोडला नाही. घरातील लोकांच्या दृष्टीने तो बागेतला एक जुना पुतळा होता.

तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची कथाही सर्व विश्वस्तांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९७६ साली जमिनीतून निघालेली ही मूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला गेली. तेथील न्यायालयात प्रश्न आला की मूर्ती मागण्याचा अधिकार कोणाचा? भारतातील मंदिराच्या वतीने केलेला दावा न्यायालयाने ग्राह्य मानला व १९९१ साली नटराज स्वदेशी परतले. मंदिर भग्न झाले, पूजा थांबली, म्हणून देवाची मालकी संपत नाही, हे त्या निकालातून दिसून आले.

कायदा काय सांगतो?

भाविकांना उपयोगी पडतील एवढेच मुद्दे देत आहोत.

१) पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ साली संमत झाला व ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून कमी वय नसलेली मूर्ती, शिल्प, चित्र, नाणे, शिलालेख, तसेच इमारतीपासून अलग केलेली वस्तू ही 'पुरावस्तू' ठरते. विशेष महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

२) दगड, धातू, लाकूड इत्यादींमधील शंभर वर्षांवरील शिल्प खाजगी मालकीत असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे त्याची नोंदणी करावी लागते. मालकी बदलल्यास तेही कळवावे लागते. नोंदणी केली म्हणून शासन वस्तू काढून घेते, ही भीती अनाठायी आहे.

३) पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडे परवाना व पावती मागण्यात संकोच बाळगू नये.

४) पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. त्यासाठी किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि दंड अशी तरतूद आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत आहेत. आजोळच्या घराची कोरीव चौकट शंभर वर्षांवरील असेल, तर भावना कितीही शुद्ध असली तरी ती पाठविता येणार नाही. वस्तू तितकी जुनी नसेल, तर ती पुरावस्तू नाही असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा.

५) केंद्र शासनाने संरक्षित केलेल्या स्मारकातून शिल्प वा कोरीव दगड हलविणे हा स्वतंत्र गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

६) नांगरताना, विहीर खणताना वा पाया काढताना जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा लागू असून कर्नाटकातही त्याच स्वरूपाचा कायदा आहे. आपला भाग दोन राज्यांच्या सीमेवर असला तरी या बाबतीत अलीकडे एक व पलीकडे दुसरे असा प्रकार नाही.

जीर्णोद्धार करताना विश्वस्तांनी काय करावे?

जीर्णोद्धार हा शब्दच सांगतो की जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करावयाचा आहे, त्याचा त्याग नव्हे. काशीनाथशास्त्री उपाध्याय यांच्या 'धर्मसिंधु' या ग्रंथात पुनःप्रतिष्ठा व जीर्णोद्धार यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. मूर्ती जागेवरून हलविण्यापूर्वी देवतातत्त्वाचे कलशात आवाहन करण्याची परंपराही आपणांस ठाऊक आहे. परंतु हा विधी मूर्तीपुरता होतो, आणि मंदिराचे बाकीचे अवयव कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडले जातात. म्हणून पुढील क्रम सुचवितो.

काम सुरू होण्यापूर्वी मंदिराच्या प्रत्येक खांबाची, चौकटीची व आवारातील प्रत्येक कोरीव दगडाची छायाचित्रे काढावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी, प्रत्येकास क्रमांक द्यावा आणि जागेचा साधा नकाशा करावा. ही यादी इतिवृत्तात नोंदवावी व तिची एक प्रत कार्यालयाबाहेर, अन्यत्र ठेवावी. चोरीस गेलेली मूर्ती ओळखण्यास जुन्या छायाचित्राइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

जे खांब सुस्थितीत आहेत ते नव्या रचनेत वापरता येतील का, हे अभियंत्यास आधी विचारावे. छत नवे झाले तरी जुने खांब मंडपात दर्शनी उभे करता येतात. ते शक्य नसेल तर आवारातच ओवरी, पाकशाळा, वाचनालय वा प्रवेशकमान यांसाठी ते योजावेत. वीरगळ व नागशिळा आवाराच्या एका बाजूस जोत्यावर, ओळीने, छपराखाली उभ्या कराव्यात आणि खाली चार ओळींचा फलक लावावा. यास फारसा खर्च येत नाही.

मंदिराची वस्तू आवाराबाहेर देण्याचा प्रसंग आलाच, तर तो केवळ ठरावाने व संबंधित खात्याच्या संमतीने असावा. कर्नाटकात मुजराई म्हणजेच धर्मादाय खाते व महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त यांच्याकडे विचारणा करावी. ती वस्तू खाजगी घरी न देता दुसऱ्या मंदिरास अथवा शासकीय संग्रहालयास द्यावी. कित्तूरच्या किल्ल्यात कर्नाटक शासनाचे पुरातत्त्व संग्रहालय आहे, तर कोल्हापुरात टाऊन हॉलमध्ये महाराष्ट्र शासनाचे संग्रहालय आहे.

भंगलेल्या जुन्या मूर्तीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. खंडित मूर्तीचे विसर्जन करावे ही परंपरा खरी. तथापि शंभर वर्षांवरील पाषाणमूर्ती नदीत सोडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास कळवावे. पूजा बंद झाली तरी ती मूर्ती गावाच्या इतिहासाचा पुरावा असते, आणि नदीतून ती कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नसतो.

घरासाठी काय घ्यावे व कसे जपावे?

आता आनंदाचा भाग. वाड्यातील वस्तू नव्या घरात नांदाव्यात, असे आम्हांस मनापासून वाटते. पुण्यात दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेले राजा केळकर संग्रहालय पाहावे. दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकाची भांडी या साध्या गृहोपयोगी वस्तूंमध्ये केवढे सौंदर्य आहे, हे तेथे कळते. मणिपाल येथे विजयनाथ शेणॉय यांनी पडू लागलेली जुनी घरे सुटी करून, खुणा घालून, पुन्हा जशीच्या तशी उभी केली. वस्तू कोठून आली याची नोंद ठेवणे हे या दोन्ही ठिकाणांहून शिकण्यासारखे आहे.

लाकूड : आपल्याकडील जुन्या घरांत साग, मत्ती, फणस व शिसम आढळते. विकत घेताना टोकदार खिळ्याने खालचा व मागचा भाग टोचून पाहावा. खिळा सहज आत गेला, किंवा भोकांतून ताजा भुसा पडत असला, तर कीड जिवंत आहे असे समजावे व घरात आणण्यापूर्वी उपचार करून घ्यावा. खांब थेट जमिनीवर उभा न करता दगडी तळखड्यावर उभा करावा, म्हणजे ओल चढत नाही. जुना तैलरंग खरवडताना नाका-तोंडाला फडके बांधावे व लहान मुलांना दूर ठेवावे, कारण जुन्या रंगांत शिसे असते. रंग जाळून काढू नये. नंतर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरेसे होतात. तेलाने भिजलेले बोळे ढीग करून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच टाकावेत.

पितळ व तांबे : हंडे-घंगाळे चिंच वा लिंबाने उजळावीत व लगेच धुऊन कोरडी करावीत. बाजारातील आम्ल वापरू नये. ज्या भांड्यात अन्न शिजवावयाचे त्यास कल्हई करून घ्यावी. समई शोभेची म्हणून आणली तरी तिच्यात सणावारी वात लावावी, हे सांगणे नलगे.

दगड : जाते, उखळ वा डोण मऊ ब्रशने व साध्या पाण्याने धुवावी. आम्ल, तैलरंग व चकाकी आणणारे लेप टाळावेत. बागेत बसविताना सिमेंटमध्ये पक्के रोवू नये, वाळूच्या थरावर ठेवावे. सिमेंटमधील क्षार दगडात चढून त्याचे पापुद्रे सुटतात. डोणीत कमळ लावल्यास गप्पी मासे सोडावेत, अन्यथा डासांची सोय होते.

वजनाचा विचार अवश्य करावा. काळ्या पाषाणाचे वजन घनमीटरला सुमारे २,८०० किलो असते. म्हणजे दोन मीटर उंच व ३० सेंटिमीटर चौरस खांब सुमारे ५०० किलोचा होतो. भारतीय मानकानुसार राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला २०० किलो, तर वापरातील गच्ची १५० किलो वापराच्या भारासाठी धरलेली असते. सबब असा दगड गच्चीवर वा माडीवर चढवू नये. जमिनीवरही अशा प्रकारे बसवावा की मुले लोंबकळली तरी तो ढळणार नाही.

मांडणी करताना एक-दोन वस्तूच निवडाव्यात. घरात दहा जुने खांब उभे केले की ते घर न राहता दुकान वाटते. जात्याला आपल्याकडे लग्नकार्यात हळदी-कुंकू वाहतात, हे ध्यानी ठेवून ते पाय पुसण्याच्या जागी ठेवू नये. ज्यांना कोरीव शिल्पच हवे आहे त्यांनी ते पाथरवटाकडून नवीन घडवून घ्यावे. लाकडी वस्तूंसाठी तर आपल्याच जिल्ह्यातील गोकाकचे कारागीर लाकडी फळे व खेळणी यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. नवे काम दिले तर कारागिराच्या घरी चूल पेटते आणि गावचा जुना दगड गावातच राहतो.

विकत घेण्यापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

१) ही वस्तू कोणत्या गावच्या, कोणत्या वास्तूची?
२) विकणाऱ्याकडे ती कशी आली, व तो तसे लिहून देतो काय?
३) हिच्यावर देवतेची आकृती, शेंदराचे वा तेलाचे थर, वा अक्षरे आहेत काय?
४) ही शंभर वर्षांवरील आहे काय, व असल्यास नोंदणी झाली आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांना टाळाटाळीचे उत्तर मिळाले, अथवा शेंदराचे थर वा अक्षरे दिसली, तर वस्तू कितीही सुंदर असो, ती घेऊ नये. घेतलेल्या वस्तूच्या मागे गाव, वास्तू व वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावून ठेवावी. पुढच्या पिढीला वस्तूबरोबर तिची कुळकथाही मिळेल.

अशी वस्तू आधीच घरी असल्यास

कित्येकांच्या घरी वडिलांच्या वा आजोबांच्या काळापासून एखादी नागशिळा, वीरगळ वा मंदिराचा खांब असेल. त्यांनी भयभीत होण्याचे कारण नाही, व कोणी त्यांना दोषही देणार नाही. तो दगड कोठला हे घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच विचारून लिहून ठेवावे. मूळ गाव कळल्यास तेथील पंचमंडळींशी बोलून, अधिकाऱ्यांस कळवून, तो सन्मानाने परत करावा. मूळ गाव न कळल्यास पुरातत्त्व खात्यास कळवावे व त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागावे. गुपचूप रात्री एखाद्या देवळाच्या ओट्यावर आणून ठेवू नये. त्यामुळे दगड परत येतो, पण त्याचा इतिहास कायमचा हरवतो.

सर्वांस आमची नम्र विनंती आहे की आपापल्या गावी जीर्णोद्धाराचा विषय निघाला की जुन्या दगड-लाकडाचा ठराव पहिल्याच बैठकीत मांडावा. नवे मंदिर बांधण्यास देणगी देणारे पुष्कळ मिळतात. जुना वीरगळ उभा करण्यास चार माणसे व एक दिवस लागतो, परंतु त्यासाठी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. ती आठवण आपण प्रत्येकाने द्यावी. छायाचित्रे व यादी कशी करावी याविषयी माहिती हवी असल्यास कार्यालयीन वेळेत देवस्थानाशी संपर्क साधावा, आम्ही यथाशक्ति साहाय्य करू.

आपले घर जुन्या वस्तूंनी शोभिवंत होवो, आणि देवाचे ते देवापाशी राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

आपले विनीत,
विश्वस्त मंडळ